चैनीचा माल

आमच्या रस्त्यावर औषधांचं दुकान एकच. त्याच्या मालकाला आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते फक्त परवान्यावर. बाकी सगळे त्यांना पुडीशेठ म्हणत. माझं चष्म्याचं दुकान बरोबर समोर, त्यामुळे त्यांचा काउंटर मला दिवसभर दिसायचा. पुढे जे घडलं त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं. उरलेलं त्यांनीच मला सांगितलं, चहाच्या कपात बघत, अडखळत. आणि एक गोष्ट दुसरीकडून कळली, ती ओघात येईलच.

पुडीशेठ हे नाव पडलं ते त्यांच्या हातामुळे. लाजेकाजेची वस्तू मागायला माणूस यायचा. दोनदा खाकरायचा, रस्त्याकडे बघायचा, साबणाची वडी उगाच उचलून पुन्हा ठेवायचा. पुडीशेठना तेवढं पुरे. ते वाकायचे, काउंटरखालच्या कुलपाच्या कपाटातून पाकीट काढायचे आणि पापणी लवायच्या आत ते तपकिरी कागदात गुंडाळून, कोपरे दुमडून, दोरा मारून पुढे सरकवायचे. तोंडातून शब्द नाही, नजरेला नजर नाही. त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं ते कसब होतं. वडील म्हणायचे, "गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघ. तोंडाकडे बघितलंस की उद्या तो दुसरं दुकान शोधेल."

त्या कपाटाला घरात 'चैनीचा माल' असं नाव होतं. ते नावही सरकारचंच. कंडोम, गर्भनिरोधक गोळ्या, अत्तरं आणि जुगाराचे पत्ते हे सगळं करखात्याने एकाच रांगेत बसवलं होतं आणि त्या रांगेवर भरभक्कम कर होता. कर भरल्याची एक निळी पट्टी प्रत्येक पाकिटावर चिकटवलेली असायची. खात्याचा माणूस कधीही तपासणीला यायचा, म्हणून वडील दुकान बंद करताना न चुकता पट्ट्या मोजायचे आणि कपाटाची किल्ली कंबरेला लावून घरी जायचे. वडील गेले, किल्ली पुडीशेठच्या कंबरेला आली. बाकी काही बदललं नाही.

"अख्ख्या वस्तीची अब्रू माझ्या दोऱ्याला लटकलेली आहे," असं ते मला कधीकधी म्हणायचे. अभिमान होता त्यांना त्याचा, आणि खोटा नव्हता.

मग त्यांच्या कमरेतला मणका सरकला. खोका उचलायला वाकले ते तसेच राहिले. मी आणि शेजारचा शिंपी, दोघांनी त्यांना उचलून घरी नेलं. डॉक्टरांनी पाठीवर पडून राहायला सांगितलं, आणि काउंटरवर त्यांच्या बायकोला उभं राहावं लागलं. लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. दिवसभर अनोळखी माणसांच्या कानात बोलायची सवय. एक्स्चेंज बंद पडलं तेव्हापासून घरी होती आणि मुलगी परगावी शिकायला गेल्यापासून तर घर तिला खायला उठायचं. मदतीला परवाना असलेला एक पोरगेला सहायक होता, पण बोलायचं काम सगळं तिचंच. आठवड्याभरात रस्ता तिला वहिनी म्हणू लागला. मीही.

पुडीशेठ पट्टा बांधून दुकानात परतले त्या सकाळी मी समोर काच पुसत होतो. ते दारातच थबकले. कपाटातला चैनीचा माल काचेच्या फळीवर मांडलेला होता, टूथब्रशच्या शेजारी, किमती समोर दिसतील असा.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"पाकिटं," वहिनी म्हणाल्या.

"ते दिसतंय मला. इथे कशाला?"

"खाली वाकून वाकून तुमचा मणका सरकला. मला माझा नाही सरकवायचा."

पुडीशेठनी आपल्या जागी उभं राहून कागदाचा गठ्ठा सरळ केला, दोऱ्याचं रीळ हाताशी घेतलं आणि वाट बघू लागले.

पहिला आला तो कोपऱ्यावरचा टॅक्सीवाला. वहिनी आत माल लावत होत्या. टॅक्सीवाल्याने पुडीशेठना पाहिलं, खाकरला, आणि पुडीशेठचा हात कागदाकडे गेलाही. पण तो म्हणाला, "घशाची गोळी द्या." गोळी घेऊन तो माझ्या दुकानापाशी येऊन उभा राहिला. वहिनी बाहेर आलेल्या दिसल्यावर पुन्हा गेला. तिथे त्याचं बोलणं बराच वेळ चाललं. निघताना दोघं हसली.

असं रोज होऊ लागलं. पुडीशेठ मोकळे उभे आणि माणसं वहिनींसमोर रांगेत. पुडीशेठनी आपण होऊन "काय देऊ?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, घशाची गोळी. त्या दिवसांत घशाच्या गोळ्या इतक्या खपल्या की कंपनीचा विक्रेता म्हणे विचारायला आला, इथे साथबीथ आली आहे काय.

वहिनी काय बोलायच्या, ते मला माझ्या दुकानात ऐकू यायचं. तारीख बघून घ्या. पैशाच्या पाकिटात दाबून ठेवू नका, उष्णतेने फाटतं. गोळी एक दिवसाआड चालत नाही हो, रोज घ्यायची, विसरलात तर मला विचारा. पोरी यायच्या, नव्या लग्नाच्या यायच्या, चार लेकरांची आई यायची. पुरुषही यायचे, आणि पुडीशेठच्या डोळ्यांत सगळ्यात जास्त तेच खुपायचे. त्यांची बायको परक्या माणसाला मान वर करून सांगत होती की हे कसं उघडायचं, कसं टाकून द्यायचं. आणि तो माणूस शाळेतल्या मुलासारखा ऐकत होता.

"तिच्या तोंडात हे शब्द होते तरी कधीपासून?" त्यांनी मला विचारलं. "घरात कधी एकसुद्धा ऐकला नाही मी."

"तुम्ही उच्चारलात कधी?"

"मी कशाला उच्चारू?" ते चिडून म्हणाले. आणि उठून गेले.

त्यांच्या जळफळाटाला दोन तोंडं होती. एक नवऱ्याचं. दुसरं कारागिराचं, आणि ते जास्त चावरं होतं. जन्मभर ज्या कसबावर ते जगले, ते एका बाईने चार वाक्यं बोलून निकालात काढलं होतं. कागदाचा गठ्ठा तसाच पडून होता. वहिनी पाकीट सरळ हातात द्यायच्या आणि माणसं ते सरळ हातात घ्यायची.

त्यात दवाखान्याचे डॉक्टर उगवले. आमच्या मागच्या गल्लीत गुप्तरोगांचा सरकारी दवाखाना आहे, तिथले. चाळिशीचे, बिनलग्नाचे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, सायकलवरून फिरणारे आणि मोठ्याने हसणारे. ते हसले की माझ्या दुकानातल्या काचा थरथरायच्या, असं मी थट्टेने म्हणायचो. पुडीशेठ ते खरं मानायचे.

डॉक्टर आले ते मात्र पुडीशेठकडेच. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून त्यांनी सांगितलं, "दवाखान्यात रांग वाढतेच आहे. मी औषध देतो, सांगतो की कंडोम वापरा, आणि माणूस महिन्याने तोच रोग घेऊन परत येतो. विचारलं तर म्हणतो, महाग पडतं. मग पुलाखाली गाडीवर उन्हात भाजलेली, तारीख खोडलेली पाकिटं मिळतात ती घेतो. बायका गोळ्यांचं एक पाकीट दोन महिने पुरवतात. किमतीतला मोठा वाटा कराचा आहे. सरकारची अर्थसमिती या कराबद्दल लोकांचं म्हणणं ऐकून घेणार आहे. डॉक्टर बोलतीलच, पण रोज विकणारा माणूस बोलला तर फरक पडेल. तुम्ही याल?"

पुडीशेठनी आयुष्यात चार माणसांपुढे तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी मान हलवली. "आम्ही दुकानदार माणसं, साहेब. आम्हाला त्यात ओढू नका."

"मी येते," आतून आवाज आला.

वहिनी पुढे आल्या. डॉक्टर हसले. काचा थरथरल्या की नाही ठाऊक नाही, पण पुडीशेठच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. नकार त्यांनी स्वतः दिला होता आणि आता त्यांची जागा त्यांच्याच बायकोने घेतली होती. तक्रार करायचीही सोय उरली नाही.

मग वहिनी दुपारच्या वेळी दवाखान्यात जाऊ लागल्या. काय बोलायचं, कसं बोलायचं, कुठला प्रश्न येईल याची तयारी डॉक्टर आणि तिथली मोठी नर्स करून घेत होते. पुडीशेठना नर्स दिसतच नव्हती. त्यांच्या डोक्यात फक्त डॉक्टर होते आणि त्यांच्या त्या दुमडलेल्या बाह्या. जेवताना वहिनींनी "डॉक्टर म्हणत होते" असं सुरू केलं की ते हात धुवायला उठायचे. एक दिवस मला म्हणाले, "माणूस चांगला आहे, हेच तर वाईट. वाईट असता तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो."

एका दुपारी त्यांना राहवलं नाही. सहायकाला बसवून ते मागच्या गल्लीत गेले. विचार असा की दवाखान्यावरून सहज चालत जायचं, आत डोकवायचं आणि परत यायचं. पण दारातल्या शिपायाने त्यांना डोकावताना पाहिलं. त्या दवाखान्यात येणारा प्रत्येकजण आधी असाच डोकावतो. शिपाई मायेने म्हणाला, "लाजू नका काका, या." त्याने त्यांच्या हातात नंबराचा बिल्ला दिला आणि दंडाला धरून बाकावर बसवलं. पुडीशेठ नाही म्हणायला गेले, पण शब्द सवयीने बाहेर आलाच नाही.

बाकावर त्यांची ओळखीची गिऱ्हाइकं बसलेली होती. टॅक्सीवाला होता. लॉन्ड्रीत इस्त्री करणारा होता. इतकी वर्षं पुडीशेठनी त्यांची तोंडं पाहिली नव्हती. आता त्यांनी पुडीशेठचं पाहिलं. कुणी हसलं नाही. इस्त्रीवाल्याने सरकून जागा दिली आणि हळूच म्हणाला, "होतं बरं, शेठ. औषध पूर्ण घ्या, मध्येच सोडू नका."

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. वहिनी उभ्या होत्या, समोर खुर्चीत डॉक्टर आणि नर्स. डॉक्टर समितीचा सदस्य झाल्याचं सोंग करून जाड आवाजात प्रश्न विचारत होते आणि वहिनी उत्तर देता देता हसत सुटल्या. तोंडावर पदर नाही, हात नाही, पूर्ण गळा मोकळा करून. पुडीशेठ मला म्हणाले, "लग्नाच्या पहिल्या वर्षी ती अशी हसायची. नंतर कधी बंद झालं तेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही. आणि ते हसू तिथे होतं, त्याच्या खोलीत." बिल्ला बाकावर ठेवून ते निघून आले.

बातमी रात्रीत रस्ताभर पसरली. दुसऱ्या सकाळी एका गिऱ्हाईकबाईंनी काउंटरवर वहिनींचा हात दाबला. "शेठची तब्येत बरी आहे ना? आणि तुम्हीही एकदा तपासून घ्या हो. नवऱ्याला झालं की आपल्यालाही होतं." वहिनींनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. मला समोरून फक्त दोघांचे पाय दिसत होते, पण आवाज पूर्ण येत होता.

"दवाखान्यात कशाला गेला होतात?"

"तुला बघायला."

"मला बघायला? मी घरी दिसत नाही?"

"घरी तू अशी हसत नाहीस."

वहिनींचे पाय एक पाऊल पुढे आले. मग वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला डॉक्टरांचा संशय आहे?"

"माझा कशावरच विश्वास राहिला नाही. सगळे तुझ्याशी बोलतात. तू सगळ्यांशी बोलतेस. मी तुझ्याकडून काय ऐकतो? मीठ संपलंय आणि गॅस संपलाय."

"मग विचारा ना काहीतरी दुसरं."

पुडीशेठनी विचारलं नाही. शटर वर गेलं.

समितीच्या सुनावणीच्या दिवशी वहिनी सकाळीच डॉक्टर आणि नर्सबरोबर निघून गेल्या. पुडीशेठ पुढच्या बसने गेले. मीही त्यांच्याबरोबर गेलो, कारण त्यांची अवस्था मला बरी दिसत नव्हती. मोठा हॉल, लांब टेबल, पाण्याचे जग, भिंतीशी लोकांसाठी खुर्च्या. आम्ही अगदी मागे, खांबाच्या आडोशाला बसलो. पुडीशेठची नजर वहिनींवर कमी आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जास्त.

डॉक्टर बोलले, आकडे देऊन. एक अत्तरांचा व्यापारी बोलला, की त्याचाही कर कमी करा. मग वहिनी उभ्या राहिल्या. साधं बोलल्या. पुलाखालच्या गाडीबद्दल, एक दिवसाआड गोळी घेणाऱ्या बायकांबद्दल. टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका सदस्याने मिशीतल्या मिशीत हसून विचारलं, "बाई, स्वस्त झालं की लोक बिघडतील असं नाही वाटत तुम्हाला?"

"साहेब, महाग आहे म्हणून कुणी उठून घरी जात नाही," वहिनी म्हणाल्या. "जे व्हायचं ते होतंच. फक्त त्याशिवाय होतं."

हॉल हसला. अध्यक्षबाईही हसल्या. तो सदस्य मात्र चिडला. "हे सगळं ऐकीव आहे. या करामुळे एखाद्या माणसाचं खरोखर नुकसान झालं, असं एक उदाहरण द्या. माणूस दाखवून द्या."

डॉक्टर कागद चाळू लागले. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"उदाहरण मीच आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. मुलगी तेव्हा मांडीवर होती, अंगात त्राण नव्हतं, दुसरं मूल लगेच नको होतं. सासऱ्यांच्या दुकानात कुलपात सगळं होतं. पण प्रत्येक पाकिटावर निळी पट्टी आणि सासरे रोज पट्ट्या मोजणारे. एक कमी भरली तर खात्याला जाब द्यायचा आणि घरातही. दुसऱ्या दुकानातून आणावं तर औषधवाल्याची सून बाहेरून आणते, असा बभ्रा. शिवाय घरखर्चातून चैनीचा माल कुठल्या तोंडाने आणायचा? "सरकारने त्याला चैन म्हटलं होतं, म्हणून आमच्या घरातही ती चैनच होती. नवऱ्याकडे मागावं, तर आमच्यात तो शब्दच नव्हता." दिवस गेले. ओळखीच्या एका बाईने पोटात घ्यायला काहीतरी दिलं. मूल गेलं, पाठोपाठ ताप चढला, आत सगळं नासलं. पुढे पुन्हा कधी दिवस गेले नाहीत. "माझ्या नवऱ्याला एवढंच ठाऊक आहे की मला ताप आला होता. तापाचं औषध त्यांच्याच दुकानातून आलं. पुडीत बांधून."

मी पुडीशेठकडे बघायला धजलो नाही.

नंतर त्यांनी मला जे सांगितलं ते सांगताना त्यांची मान खाली होती. ते म्हणाले, "ऐकल्यावर पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं असेल? डॉक्टरला हे माहीत होतं का, हे. मी आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तोंड उघडं पडलेलं होतं त्याचं. त्यालाही नव्हतं माहीत. आणि मला बरं वाटलं. बायको तिथे उभी राहून स्वतःचं काळीज काढून दाखवतेय आणि मला बरं वाटतंय. असला माणूस आहे मी."

बाहेर पडताना वहिनींना आम्ही दिसलो. त्या दचकल्या नाहीत, थकल्या होत्या. तिघं एकाच बसने परतलो, मी त्यांच्या पुढच्या बाकावर.

"डॉक्टरांना ठाऊक होतं?" पुडीशेठनी तरीही विचारलंच.

"नाही."

"नर्सला?"

"कुणालाच नाही."

"मग आजच का?"

"त्यांनी उदाहरण मागितलं."

"मी मागितलं असतं तर?"

वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या. "तुम्ही कधी काही मागितलंत?"

पुढचे दिवस वाईट गेले. वर्तमानपत्रांत 'औषधविक्रेत्याच्या पत्नीची कहाणी' छापून आली. रस्त्यावर बायका वहिनींना मिठ्या मारत, आणि पुडीशेठ काउंटरच्या दुसऱ्या टोकाला दगडी पुतळ्यासारखे उभे. आता त्यांचा हेवा कुणा एका माणसाचा नव्हता. मिशीवाला सदस्य, अत्तरांचा व्यापारी, पाण्याचे जग भरणारा शिपाई, पेपर वाचणारा कुणीही. "माझ्या घरातली गोष्ट," ते मला म्हणाले, "सगळ्या गावाला माझ्याबरोबरच कळली. ज्याने कधी तिच्या कपाळावर हात ठेवला नाही, त्यालासुद्धा."

मध्यंतरी वहिनी बहिणीकडे जाऊन राहिल्या. भांडण झालं असेल असं आम्ही समजलो. काय झालं होतं ते मला वहिनींकडून कळलं, बरंच नंतर, चष्मा करायला आल्या तेव्हा. मी त्यांना अंधाऱ्या खोलीत तपासणीच्या खुर्चीत बसवलं, भिंतीवरची अक्षरं वाचा म्हटलं, आणि त्या पहिल्या ओळीवरच अडखळल्या. डोळे भरून आले होते. मी भिंग बाजूला केलं.

त्या म्हणाल्या, की सुनावणीनंतर एका दुपारी, दुकान बंद असताना, पुडीशेठ आपण होऊन त्यांच्यासमोर येऊन बसले. आणि म्हणाले, "तुझ्या तापाची चिठ्ठी मी वाचली होती. मी औषधवाला आहे. ती औषधं कशावर देतात ते मला ठाऊक होतं. माझा हात थांबलासुद्धा. पण मी विचारलं नाही. पुडी बांधली आणि आणून दिली."

"मला वाटायचंच," वहिनी मला म्हणाल्या. "तापात मी एकदा सांगायला तोंड उघडलं होतं. ते शेजारीच बसलेले, ओल्या फडक्याने कपाळ पुसत होते. म्हणाले, बोलू नकोस, दमशील. इतक्या मायेने म्हणाले की मी गप्प बसले. मग वर्षानुवर्षं वाटत राहिलं, यांनी माझ्यासाठी गप्प केलं की स्वतःसाठी?" त्यांनी डोळे पुसले. "तेवढं कळल्यावर मला त्यांच्यासमोर बसवेना. म्हणून बहिणीकडे गेले."

"आणि परत आलात."

"आले. तिथे गेल्यावर त्यांचा रोज फोन यायचा. आधी गप्प असायचे. मग एकेक विचारायला लागले. कुठल्या बाईने औषध दिलं. दुखलं किती. मूल हवं होतं का नंतर. असं विचारायचे, जसं कुणी अंधारात भिंत चाचपतं. मी एक्स्चेंजमध्ये असताना रात्रंदिवस लोकांचे फोन जोडले. मला कुणी एवढा लांब फोन केला नव्हता."

चष्म्याचा नंबर आम्ही दुसऱ्या दिवशी काढला.

त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात कंडोमवरचा कर पूर्ण उठला. गोळ्यांवर थोडा राहिला, त्यासाठी वहिनी अजून भांडतात. निळ्या पट्ट्या बंद झाल्या. दुकानात किमतीच्या नव्या चिठ्ठ्या लागल्या त्या दिवशी माणसं वाचून पुन्हा वाचायची, चुकून छापलंय की काय म्हणून. लॉन्ड्रीतला इस्त्रीवाला आता मोठा खोका घेऊन जातो आणि त्याची बायको गोळ्यांचं पाकीट संपायच्या आधी नवं न्यायला येते. पुलाखालच्या गाडीवाल्याने कंडोम सोडून मोज्यांचा धंदा धरला. दवाखान्यातली रांग एकदम गायब झाली नाही, रोग असे जात नाहीत. पण डॉक्टर सांगतात, की तेच ते चेहरे परत येणं कमी झालं आहे.

मत्सर मात्र अंदाजपत्रकाने जात नाही. वहिनींना दुसऱ्या गावांतून बोलावणी येतात आणि पुडीशेठ त्यांची पिशवी धरून बरोबर जातात. "पाठीला प्रवास बरा नाही," असं सगळे सांगतात, ते ऐकत नाहीत. सभेत कुणी तरुण वक्ता वहिनींशी फार वेळ बोलत उभा राहिला, तर ते पाण्याची बाटली घेऊन मध्ये जातात. "तुला तहान लागली असेल." वहिनींना तहान लागलेली नसते. त्या पाणी पितात.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्या मोठ्या नर्सशी लग्न केलं. आमंत्रण आलं तेव्हा पुडीशेठना इतका आनंद झाला की त्यांनी नवा सदरा शिवायला टाकला आणि शिंप्याला डॉक्टरांचे गुण सांगत बसले. लग्नाच्या हॉलमध्ये वहिनींभोवती नेहमीसारखा घोळका जमला. कुणीतरी त्यांना सुनावणीतला तो प्रसंग पुन्हा सांगायला लावला, आणि माणसं तोंडात बोट घालून ऐकत होती. पुडीशेठ माझ्याजवळ उभे होते. मला वाटलं, आता ते पाण्याची बाटली शोधतील.

पण ते हलले नाहीत. माझ्या कानाशी वाकले आणि बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं अशा सुखाने म्हणाले, "ऐकू दे त्यांना. त्यांना अर्धीच गोष्ट ठाऊक आहे. उरलेली अर्धी आमच्या दोघांत आहे, तिसऱ्या कुणाला माहीत नाही."

मी चष्मा काढून पुसायला घेतला आणि म्हटलं, "असं होय."